अठ्ठावीस इंचांची चोरी

१. श्रीखंडानंतरची झोप

चोर हॉलमध्ये शिरला, देवघरापुढे पाटावर पूजेला ठेवलेल्या बंदुकीची लांब नळी त्याने काढली, तिच्या जागी आखूड नळी नीट बसवली, बंदुकीवरचं झेंडूचं फूल होतं तिथे परत ठेवलं आणि नाहीसा झाला. असा व्यवस्थित चोर चँडलरमध्येच काय, अख्ख्या ॲरिझोनात कोणी पाहिला नसेल.

हे सगळं घडलं तेव्हा दसऱ्याच्या जेवणाला आलेली घरची मैत्रीण आसावरी त्या पाटापासून जेमतेम दोन हातांवर सोफ्यावर झोपली होती. झोपली कसली, घोरत होती. आसावरी एका विमा कंपनीत खोटे क्लेम पकडण्याचं काम करते. पाण्याने भिजलेला गालिचा पाहून पाणी छतातून आलं की बादलीतून, हे ती सांगू शकते. पण श्रीखंड-पुरीपुढे भलेभले आडवे होतात. दुपारी तिला जाग आली ती श्रीरंगच्या आवाजाने.

"नळी कुठंय? माझी लांब नळी कुठंय?"

श्रीरंग करमरकर मूळ पुण्याचा, इथल्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. उन्हाळ्यात मागच्या गल्लीतलं एक घर फुटलं आणि याने घराच्या रक्षणासाठी शॉटगन आणली. तिच्यासोबत दोन नळ्या आल्या. एक अठ्ठावीस इंची, एक साडेअठरा इंची. पुढची टोपी फिरवली की नळी निघते, दुसरी बसते. दुसऱ्या कोणी एखादी बसवून बंदूक तिजोरीत ठेवली असती. श्रीरंग तीन महिने विचार करत होता. त्याने तक्ते मांडले, व्हिडिओ पाहिले, घरी येणाऱ्या प्रत्येकाला नळी काढून आणि लावून दाखवली. ते काम आता आसावरीलाही डोळे मिटून जमलं असतं.

दसऱ्याला शस्त्रपूजन करायचं, म्हणून आज बंदूक लांब नळीसकट पाटावर ठेवली होती आणि शेजारी आखूड नळी. काडतुसं बाहेर नव्हतीच. ती तिजोरीत होती आणि तिजोरीची किल्ली श्रीरंगच्या गळ्यात. दोन्ही नळ्यांच्या तोंडाला सासूबाईंनी ओलं हळदकुंकू लावलं होतं. मग जेवताना श्रीरंगने निकाल जाहीर केला होता.

"फायनल. लांब नळीच राहणार. नेम सरळ बसतो, दिसायला भारदस्त. चोर नुसता बघूनच पळेल. आखूड नळी मी विकून टाकतोय."

यावर त्याच्या बायकोने, सुलेखाने, डोळे फिरवले. मित्र केदार म्हणाला, "यार, लांब नळी मला दे, शो-केसमध्ये ठेवतो." आणि शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, मालिनीमावशी, जावयाच्या ताटात श्रीखंड वाढत म्हणाल्या, "तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असेल, जावईबापू."

आता लांब नळी नव्हती. आणि आणखी एक माणूसही घरात नव्हता.

"केदार कुठं गेला?" श्रीरंगने विचारलं.

२. चहा संपेपर्यंत

पलंगांखाली, सोफ्याखाली, मळक्या कपड्यांतही शोधून झालं, तेव्हा दारावरचा कॅमेरा पाहिला. त्यात दुपारभरात दोनच माणसं दिसली. दोघंही बाहेर जाताना. आधी केदार, खांद्यावर क्रिकेटची भलीमोठी बॅग घेऊन, चोरपावलांनी. मग बऱ्याच वेळाने मालिनीमावशी, हातात सोन्याची पिशवी घेऊन. सोनं म्हणजे आपट्याची पानं. आपटा इथे मिळत नाही, पण कोपऱ्यावर कांचनाचं झाड आहे आणि त्याचं पान अगदी आपट्याचं भावंड. मावशी दोन गल्ल्यांपलीकडच्या पटेलकाकूंना सोनं द्यायला गेल्या होत्या. फोन नेहमीप्रमाणे उशीखाली ठेवून.

"बाहेरचं कोणी आलंच नाही," श्रीरंग म्हणाला. "आणि आई नळी पिशवीत घालून नेणार नाहीत. राहिला कोण? अठ्ठावीस इंच नळी कशात मावते? क्रिकेटच्या बॅगेत. तो ती बॅग घरात घेऊनच का आला सकाळी?"

"उन्हात गाडीत बॅट खराब होते म्हणून," आसावरी म्हणाली. "दर वेळी आणतो."

"आणि दर वेळी न सांगता जातो? मी पोलिसांना फोन करतो. बंदुकीचा पार्ट आहे, आसावरी. उद्या कुठं भलतीकडे सापडला तर माझ्या गळ्याशी येईल. कंप्लेंट करायची आणि काय घडलं ते सांगायचं. केदारचं नावही."

सुलेखा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. सगळ्यांना एकच गोष्ट आठवली. केदार बारा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा होता आणि पुढच्या आठवड्यात त्याचा शेवटचा इंटरव्ह्यू होता. व्हिसावरच्या माणसाचं नाव बंदुकीच्या चोरीच्या तक्रारीत आलं, तर खरं काय आणि खोटं काय हे ठरेपर्यंत त्याची रांग केव्हाच मोडलेली असेल. वीस वर्षांची मैत्री मोडेल ती वेगळीच. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ही तयारी चालली होती, आणि आसावरीला मनापासून भीती वाटली.

"चहा होईपर्यंत थांब," ती म्हणाली. "माझा चहा संपला की कर फोन."

श्रीरंग कबूल झाला. आसावरीने सुलेखाकडून सगळ्यात मोठा मग मागून घेतला.

३. ठक ठक, आणि मग काहीच नाही

आसावरी आधी पाटाजवळ बसली. चोराने आखूड नळी बसवली होती, टोपीही घट्ट फिरवली होती. ज्याला चोरी करायची तो अख्खी बंदूक उचलेल, नाहीतर नळी ओढून पळेल. हा गृहस्थ बंदूक वापरण्याजोगी करून गेला होता. म्हणजे त्याला घरात बंदूक नको होती असं नाही. त्याला ती लांब नळी नको होती.

"सुलेखा, तुझा तर बंदुकीलाच विरोध आहे ना?"

"आहेच," सुलेखा म्हणाली. "पण मी अशी एक एक नळी काढत बसले असते का? मी पूर्ण बंदूक नेऊन कॅनॉलमध्ये टाकली असती. वर त्याचे ते तक्तेही."

हे आसावरीला लगेच पटलं. सुलेखाचा स्वभाव अर्धवट कामाचा नव्हता.

ती बेडरूमकडे जाणाऱ्या अरुंद पॅसेजमध्ये शिरली आणि थबकली. पांढऱ्या भिंतीवर बाथरूमच्या कोपऱ्याशी एक लालपिवळा ठिपका होता. बोटाच्या पेराएवढा, गोल, मधे पोकळ. पुढे कपाटाच्या कडेला तसाच एक. आणि पॅसेज जिथे वळतो तिथे, श्रीरंग-सुलेखाच्या मुलीच्या, इलाच्या, दाराच्या चौकटीवर, तिसरा.

"अगंबाई, रंग नुकताच दिलाय," मागून आलेली सुलेखा म्हणाली. "हळदकुंकू कोणी पुसलं इथं?"

"पुसलं नाही, टेकलंय." आसावरीने ठिपक्यांशी हात धरून पाहिला. तिन्ही एकाच उंचीवर होते, तिच्या कमरेच्याही चांगले खाली. दोरी धरून काढावेत तसे.

इला खोलीत होती. वय सतरा, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

"दुपारी तू झोपली नव्हतीस ना? काही ऐकू आलं?"

"समवन वॉक्ड बाय," इला म्हणाली. "ट्वाइस. फर्स्ट टाइम इट वॉज लाइक बम्प, बम्प, बम्प. लास्ट वन माझ्या डोअरवर. आय थॉट बाबा व्हॅक्यूम करतोय."

"आणि दुसऱ्यांदा?"

"नथिंग. जस्ट फूटस्टेप्स. व्हेरी नीट फूटस्टेप्स, ॲक्चुअली."

आसावरीने चहाचा एक लहानसा घोट घेतला. मगमध्ये अजून अर्धा चहा होता. पण हॉलमध्ये श्रीरंगचा धीर सुटला होता. त्याने केदारला फोन लावून स्पीकरवर टाकला होता.

"केदार, दुपारी इथून काय घेऊन गेलास?"

 पलीकडून केदारचा पडलेला आवाज आला.

"कळलं का तुला? सॉरी यार. चुकलंच माझं. मी लगेच परत आणून देतो."

४. बॅगेत काय होतं

केदार आला. त्याने क्रिकेटची बॅग आणून टीपॉयवर ठेवली. उंचापुरा गडी, पण मान अशी खाली की सुलेखालाच कसंसं झालं.

"उघड," श्रीरंग म्हणाला.

केदारने चेन उघडली. पॅड निघाले, ग्लव्हज निघाले, बॅट निघाली. आणि तळातून, टॉवेलमध्ये जपून गुंडाळलेला, श्रीखंडाचा डबा निघाला. अर्ध्याहून जास्त रिकामा.

"डॉक्टरने साखर बंद केलीय," केदार जमिनीकडे बघत म्हणाला. "बायको घरी वेलचीसुद्धा मोजून देते. तुम्ही सगळे झोपलात, फ्रिजमध्ये हा डबा... राहवलं नाही यार."

इला हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाली. सुलेखाने तोंडाला पदर लावला. श्रीरंग मात्र हसला नाही.

"आणि नळी?"

"कुठली नळी?"

"नळी घरी ठेवून आलास आणि डबा आणलास, असंही असू शकतं."

केदारच्या चेहऱ्यावरचा खजीलपणा गेला आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं. वीस वर्षांत या दोघांत शब्दाने शब्द वाढला नव्हता. "तू मला चोर म्हणतोयस, श्रीरंग?" तो हळूच म्हणाला. "श्रीखंडाचा म्हण, आहेच मी. पण बंदुकीचा?" त्याने बॅग उचलली आणि तो दाराकडे निघाला.

बाहेरच्या दाराआधी हॉलला एक कमान आहे. तोरण तिथेच लावलं होतं, कारण बाहेर लावलं तर इथल्या उन्हात फुलं दुपारपर्यंत वाळतात. झेंडूची फुलं आणि अंगणातल्या संत्र्याची पानं मालिनीमावशींनी सकाळी स्वतः ओवली होती, पण सुतळी जरा सैल राहिली आणि तोरण मधे झोळीसारखं लोंबत होतं. सकाळपासून केदार चार वेळा त्याखालून गेला आणि चारही वेळा केसात पाकळ्या घेऊन आला.

आत्ता त्याने सवयीने मान वाकवली. गरज नव्हती. तोरण त्याच्या डोक्याच्या वीतभर वर, फूटपट्टीसारखं सरळ होतं.

आसावरीने वर पाहिलं, मगातला उरलेला चहा एका दमात प्यायला आणि म्हणाली, "केदार, थांब. श्रीरंग, आता मला व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप आणून दे."

५. व्हॅक्यूमचा पाइप

त्या पाइपला लांब-आखूड करायचा खटका होता. आसावरीने तो ओढून लांब नळीच्या बंदुकीइतका केला, टोक ओल्या हळदकुंकवात बुडवलं आणि श्रीरंगच्या हातात दिला.

"मध्यरात्री काच फुटल्याचा आवाज आलाय असं समज. तू बेडरूममधून निघालायस आणि तुला इलाच्या खोलीकडे जायचंय. ही तुझी बंदूक. चल, भरभर."

"याचा काय संबंध?"

"तू चल तर."

श्रीरंग निघाला. बाथरूमच्या कोपऱ्याशी पाइप ठकदिशी आपटला. त्याने तो सोडवला आणि वळवला, तर कपाटाला लागला. पॅसेजच्या वळणावर पाइप इतका आडवा अडकला की श्रीरंगला एक पाऊल मागे यावं लागलं, आणि तोवर टोक इलाच्या चौकटीवर टेकलं होतं. भिंतीवर तीन नवे ठिपके उमटले होते, जुन्या ठिपक्यांच्या बरोबर वर.

"बम्प, बम्प, बम्प," इला म्हणाली. "एक्झॅक्टली!"

आसावरीने खटका दाबून पाइप आखूड केला. "आता परत."

या वेळी श्रीरंग बेडरूमपासून इलाच्या दारापर्यंत सरळ गेला. कुठेही काही लागलं नाही. पावलांखेरीज आवाज नव्हता.

"तुमचा चोर हेच करत होता," आसावरी म्हणाली. "दुपारी त्याने दोन्ही नळ्या लावून हा पॅसेज चालून पाहिला. तोंडाला हळदकुंकू होतं, म्हणून लांब नळीने भिंतीवर शिक्के मारले. आखूड नळीलाही हळदकुंकू होतं, पण तिचा एकही शिक्का नाही. तीन महिने तू नळीचा पल्ला मोजत होतास, श्रीरंग. घर कोणी मोजलंच नव्हतं. ते त्याने मोजलं."

"पण कोणी?"

"तुझे ठिपके बघ कुठे आहेत आणि जुने बघ कुठे. केदारचे तर तुझ्याही वर गेले असते. हे माणूस बुटकं आहे. शिवाय तिन्ही ठिपके एका रेषेत आहेत. हात जरा वर नाही, जरा खाली नाही. हा शिकवलेला हात आहे. नागपूरच्या शाळेत मुलींना तीस वर्षं लाठी कोणी शिकवली?"

सुलेखा ठिपक्यांकडे वळली. "आई?" ती म्हणाली. "पण आपण तर आईच्या पलंगाखालीही पाहिलं."

"तिथेच चुकलं. पलंगाखाली पाहिलं, सोफ्याखाली पाहिलं, मळक्या कपड्यांत पाहिलं. ज्या वस्तूला मावशींनी स्वतःच्या हाताने हळदकुंकू वाहिलं, ती वस्तू दसऱ्याच्या दिवशी त्या पायाशी ठेवतील? त्या ती वरच ठेवणार, मानाच्या जागी. केदार, तू उंच आहेस. ते तोरण जरा सोडव."

केदारने हात वर केला. फुलांच्या मागे, संत्र्याच्या पानांत दडलेली, लांब नळी होती. सुतळी तिच्यातून आरपार ओवलेली होती, एखादं लांबुळकं फूल ओवावं तशी. आसावरी जिथे घोरत होती तिथून ही कमान अगदी समोर दिसत होती.

"काखेत कळसा," सुलेखा पुटपुटली.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं.

६. जावईबापू

मालिनीमावशी रिकामी पिशवी झटकत आत आल्या. केदारच्या हातात नळी, श्रीरंगच्या हातात व्हॅक्यूमचा पाइप, भिंतीवर हळदकुंकू. त्यांनी हे सगळं पाहिलं आणि शांतपणे चपला काढल्या.

"सापडली वाटते," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही चोरलीत?"

"चोरली कशाला? तुमच्याच घरात, स्टुलावर चढून तुमच्याच डोक्यावर लावून ठेवली. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं बाप्पा. मला काय माहीत इथे पोलिसांपर्यंत जाऊन राहिलं प्रकरण." केदारवर आळ आला होता हे सुलेखाने सांगितलं, तेव्हा मात्र त्या मटकन खुर्चीवर बसल्या. "केदार, माझ्यामुळे झालं रे हे. असं होईल हे माझ्या मनातही नव्हतं."

"पण मला सरळ सांगायचं ना, आई," श्रीरंग म्हणाला. "लांब नळी नको म्हणून."

"जावयाला?" मावशी म्हणाल्या. "पानावर बसलेल्या? तेही दसऱ्याच्या दिवशी? आमच्याकडे जावयाला वाढताना पुरे म्हणत नाहीत आणि बोलताना चुकलं म्हणत नाहीत. तुम्ही आखूड नळी विकायला निघाले. मला वाटलं, लांबच दिसली नाही तर चार दिवस आखूड राहील, हाताला सवय होईल, मग आपोआप पटेल."

"आणि तुम्हाला कशी पटली?"

मावशी उठल्या आणि पॅसेजच्या वळणापाशी जाऊन उभ्या राहिल्या. 

"मी लाठी शिकवली आहे, जावईबापू. लाठी मैदानात लांब पाहिजे. घरात लांब लाठी म्हणजे दुसऱ्याच्या हातात दिलेलं टोक. इथे वळताना तुमच्या आधी तुमची नळी पोचते. तिकडून कोणी धरली तर? आणि नाही धरली, तुम्ही घाबरून चाप ओढला, तर तिचं तोंड कुठे आहे ते पहा."

श्रीरंगने पाहिलं. दोन ठिपके, एकावर एक, इलाच्या चौकटीवर. दार उघडं होतं आणि आत तिचा पलंग दिसत होता. तीन महिने त्याने चोराला भिऊन काढले होते. आत्ता त्याला स्वतःच्या निर्णयाची भीती वाटली, आणि ती आधीच्यापेक्षा कितीतरी मोठी होती. त्याने इलाला जवळ ओढलं. इला "बाबा, आय ॲम फाइन" म्हणाली, पण सुटली नाही.

मग तो केदारपुढे जाऊन उभा राहिला. सोन्याची पानं मावशींनी पार वाटून टाकली होती. श्रीरंगने स्वतःच्या खिशात सकाळपासून चुरगळलेलं एक पान काढलं आणि केदारच्या हातावर ठेवलं.

"सोनं घे. मी गाढव आहे."

"ते आहेसच," केदार म्हणाला आणि त्याला मिठी मारली. "आणि यार, डब्यातलं उरलेलं?"

"अजिबात नाही," सुलेखा म्हणाली आणि डबा उचलून आत घेऊन गेली.

श्रीरंगने लांब नळी पुसून, तेल लावून बासनात बांधली. आखूड नळीची बंदूक तिजोरीत गेली. नवा चहा झाला. आसावरीला यावेळी लहानच कप पुरला.

"आई," श्रीरंग त्यांच्यापुढे कप ठेवत म्हणाला, "यापुढे माझं काही चुकलं तर मला तोंडावर सांगायचं. तोरणात बांधायचं नाही."

मावशींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "खरंच सांगू?"

"खरंच."

"राग नाही यायचा?"

"नाही, आई."

मालिनीमावशींनी कप बाजूला ठेवला, पदर खोचला आणि खुर्ची जरा पुढे ओढली.

"मग बसा," त्या म्हणाल्या. "लग्नापासून सुरू करते."

सुलेखा चहाला आणखी आधण ठेवायला उठली.